तलावावरची शेजारीण

“ओटाच ठेंगना केला पाहा ना बाई यायनं. वाकू वाकू पाठ भरून येते,” ती बाई स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, आणि पाण्याचा पेला तोंडाशी नेलेली प्रयाग तशीच थांबली. ओटा खरंच ठेंगणा होता. ती बाई उंच, सडपातळ होती आणि चहाचं आधण ठेवायला तिला कमरेत मोडल्यासारखं वाकावं लागत होतं. ओट्याच्या वर खिडकी होती, खिडकीबाहेर बेशरमाची जांभळी फुलं, आणि त्यांच्यामागे दुपारच्या उन्हात डोळ्यांवर येणारं तलावाचं पाणी. प्रयागनं पेला खाली ठेवला. या घरात आपण पूर्वी कधी आलेलो नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी बैठकीतून आत येताना डावीकडे वळायचं हे पायांना आधीच कसं कळलं, मधल्या खोलीच्या भिंतीत कोनाडा असणार हे न बघताच कसं वाटून गेलं, याचा उलगडा तिला आत्ता झाला. ती उठली आणि काही कारण नसताना ओट्याजवळ जाऊन उभी राहिली. शहाबादी फरशीची थंड कड बरोबर तिच्या कोपराखाली लागली, उभ्यानं भाकर थापायला जेवढी हवी तेवढ्याच उंचीवर. ओटा चुकलेला नव्हता. तो तिच्या मापाचा होता.

ती आली होती ललिताबाईंकडे. ललिताबाई तिच्याच नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या, आणि तलावावर घर बांधून राहायला गेल्यापासून प्रयागच्या मागे लागल्या होत्या. “भाड्याच्या खोलीत किती दिवस काढशीन व? मायले किन्हीराजाहून आन, दोघी मायलेकी ऱ्हा. आमच्या बाजूनं एक प्लॉट रिकामा झाला.” प्रयाग टाळत होती. तलावाकडे जायचं म्हटलं की तिला आठवडाभर काहीतरी काम निघायचं. पण आई तिकडे खेड्यात एकटी, वडील ग्यानबा जाऊन वर्ष होत आलेलं, आणि खोलीची मालकीण रोज कशावरून तरी बोलणारी. शेवटी ती आज आली. ललिताबाईंच्या दाराला कुलूप होतं. उन्हात उभी पाहून शेजारच्या घरातल्या बाईनं हाक मारली होती, “त्या दळन आनाले गेल्या. या न, बसा. पानी प्या.” एवढंच. एवढ्यावरून ती या घरात आली होती.

दोन-अडीच वर्षांत इथलं सगळं बदललं होतं. तेव्हा इथे नुसतं रान होतं. बाभळी, पाण्याकाठी शिंगाड्याचे वेल ओढणारे भोई, पलीकडून जाणाऱ्या छोट्या गाडीची शिटी. जमीन गोविंदसिंगांची. पावसाळ्यात ती पाणी धरायची म्हणून पीक धड येत नसे. त्यांनी तिचे तुकडे पाडून स्वस्तात विकायला काढले. गावातली जुनी माणसं हसली. इतक्या लांब, डासांत, तलावाच्या ओलीत कोण जाणार? गेली ती तरुण माणसं. नवे मास्तर, एसटीतला कारकून, दवाखान्यातला कंपाउंडर, नुकती लग्नं झालेली, ज्यांच्या बापांनी आयुष्यात कधी स्वतःच्या नावावर वीट घेतली नव्हती अशी. मोठा फेटा बांधणारे गोविंदसिंग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, “घर बांधशीन का नुसतं कुंपन घालून ठेवशीन?” बांधीन म्हटलं की झालं. आडनाव ते नंतर, कागद करताना विचारायचे, आणि ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. भगवंतनं हे तिला बांधावर उभं राहून सांगितलं होतं. “प्रयाग, पाह्य. गावात आपल्याले कोनी खोली देनार नाही. पन इथं समदेच नवे. इथं कोनी कोनाले इचारत नाही.”

भगवंत बांधकाम खात्याच्या कचेरीत ट्रेसर होता, नकाशे उतरवून काढायचा. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी शाळेचं गळकं छप्पर मोजायला तो आला, आणि मोजणी संपल्यावरही येत राहिला. माळ्याचा मुलगा, गावाबाहेर विहिरीवर त्यांचा भाजीचा मळा होता. हसला की वरचा ओठ एका बाजूला जास्त जायचा. त्याला आपण कोण ते माहीत नसेल असं तिला पहिल्यांदा वाटलं होतं, म्हणून तिनंच एकदा सांगून टाकलं, आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं. तो म्हणाला, माईत हाये, आन त्याचं काय? त्या ‘त्याचं काय’वर ती कितीतरी दिवस तरंगत होती. मग एका रविवारी त्यानं सायकलला चुन्याच्या फक्कीची पिशवी बांधून आणली, आणि घेतलेल्या प्लॉटच्या काळ्या मातीवर पांढऱ्या रेघा ओढल्या. ही बैठक. ही मधली खोली, इथं भिंतीत कोनाडा. इथून डावीकडे वळलं की स्वयंपाकघर. ती रेघ ओलांडून सरळ त्याच्याकडे गेली तर तो ओरडला होता, “अवं, भितीतून काहून जातं? दारातून ये न!” आणि ती खरोखर मागे फिरून, नसलेल्या दारातून, नसलेल्या उंबऱ्यावरून पाय उचलून आत आली होती. “आमच्या घरी समद्या बाया बसून रांधतात. डोये फुटतात धुरानं. तू उभ्यानं रांधशीन, खिडकीपाशी. हात वाकव.” तिनं हात वाकवला. त्यानं स्वतःचा तळवा आडवा धरून तिच्या कोपराखाली आणला, जरा खाली, जरा वर, आणि म्हणाला, “एवढा.” आसपास टिटवी ओरडत होती. तळव्याचा स्पर्श झाला नव्हता, पण हवा तेवढीच उरली होती मधे.

“तुमी ललिताबाईच्याच शाळेतल्या का?” चहा गाळत ती बाई विचारत होती. ती मेडशीची, नाव लिला. बोलायला माणूस मिळालं म्हणून ती खुशीत आली होती. दिवसभर भिंती बघून कंटाळा येतो म्हणाली. मेडशीला घर माणसांनी भरलेलं, इथं नवरा कचेरीत गेला की पाण्यावरचे बगळे तेवढे सोबतीला. “नाव काय तुमचं?” प्रयागनं सांगितलं. “आन आडनाव?” हा प्रश्न आयुष्यभर तिच्या मागून चालत आला होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर दिल्यावर समोरच्या माणसाचे डोळे एक क्षण कुठे जातात हे बघायची तिला सवय झाली होती. “सरकटे,” ती म्हणाली. लिलाचे डोळे कुठेच गेले नाहीत. तिनं नवऱ्यासाठी काढून ठेवलेल्या कपातलाच चहा प्रयागच्या हातात दिला आणि म्हणाली, “घ्या, गरम हाय तवर. सासूबाई आल्या का जरा पाहा लागते मले. पन इथं आमच्या तलावावर तसं काई नाही. हे म्हनतात न, इथं कोनी कोनाले इचारत नाही.”

चहा गोड होता, आलं घातलेला. तिनं एक घोट घेतला आणि कप ओट्यावर ठेवला. हे म्हणतात न. म्हणजे त्यानं तेच वाक्य या बाईलाही दिलं होतं. ओटा, खिडकी, डावीकडचं वळण आणि ते वाक्य, सगळं जसंच्या तसं, फक्त माणूस बदलून. का केलं असेल त्यानं असं? तिला आठवत राहावी म्हणून? रोज या ओट्यासमोर कुणाला तरी वाकताना बघून स्वतःला टोचून घ्यावं म्हणून? की नकाशा तयार होता, आणि ट्रेसरचा हात आहे त्या रेघांवरूनच पुन्हा फिरतो, एवढंच? प्रेमानं की कंटाळ्यानं, हे तिला ठरवता येईना. दोन्ही सारखंच लागत होतं. प्लॉट परत करतो असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि तिनं विश्वास ठेवला होता. त्या रानात पुन्हा बाभळी उगवल्या असतील असं समजून ती झोपत होती.

प्लॉट परत करतो असं तो म्हणाला, त्याच्या आधी त्याचे वडील शाळेत आले होते. उकंडराव. मधल्या सुट्टीत, व्हरांड्याच्या पायरीशी, डोक्यावरचं फडकं काढून हातात धरून ते उभे होते. सोबत पिशवीत वांगी आणि कोथिंबिरीच्या जुड्या. ती धावत गेली होती. तिला वाटलं, सून बघायला आले. “बाई, तुमी लेकरायले शिकोता. आमाले तसं बोलता येत नाही,” ते खाली बघत म्हणाले. “तो म्हन्ते मी तिच्यासंगं लगन करीन. म्या त्याले काई म्हनलं नाही, मारलं नाही. पन दोन पोरी हायेत माह्या लग्नाच्या. त्यायले कोन करीन मंग? तो आमचं ऐकून नाही राह्यला. तुमीच नाही म्हना. तुमी म्हनलं का तो ऐकीन.” तिला राग यायला हवा होता. पण त्यांचं ते उभं राहणं, फडकं पिळणं, तिच्या वडिलांसारखं होतं; ग्यानबा जन्मभर कुणाकुणाच्या पायरीशी असेच उभे राहिले होते. ती आत गेली, माठातून पाणी आणलं. “तहान नाही,” उकंडराव म्हणाले. त्यांच्या मानेवरून घामाची धार वाहत होती आणि ओठ सुकलेले होते. पिशवी मात्र ते तिच्याजवळ ठेवून गेले. देता येत होतं त्यांना. घेता येत नव्हतं.

संध्याकाळी बांधावर तिनं भगवंतला सगळं सांगितलं. तो चिडेल, सायकल फेकेल, बापाशी भांडायला निघेल, आणि मग आपणच त्याला हाताला धरून थांबवू, असं सगळं तिनं मनात रचून ठेवलं होतं. तो शांतपणे ऐकत होता. मग त्यानं विचारलं, “तू काय म्हनली मंग?” “मी काहून काई म्हनू? म्या म्हनलं, तुमच्या पोरालेच इचारा.” तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. अगदी थोडं, आणि त्यानं ते लगेच पुसलंही. पण तिनं पाहिलं. ती निराशा होती. तिनं ‘नाही’ म्हणून टाकलं असतं तर त्याची सुटका झाली असती. मग त्याला तिच्यावर रुसता आलं असतं, रडता आलं असतं, आणि घरी परत जाता आलं असतं. तिनं त्याच्या हातातून ते काढून घेतलं होतं. तलावावर तेव्हा अंधार पडायचा होता, पाणी तांबूस दिसत होतं, आणि तिला एकदम थंडी वाजली. पुढचे दिवस नुसते विझत जाण्याचे होते. त्याचं येणं कमी झालं. प्लॉट परत करतो म्हणाला. मग शाळेतच, खडू वाटता वाटता, कुणीतरी म्हणालं की बांधकाम खात्यातल्या ट्रेसरचं मेडशीच्या मुलीशी जमलं.

बाहेर सायकलची घंटी वाजली. “आले,” लिला म्हणाली आणि पदर सारखा केला. तो आत आला तेव्हा हातात भाजीची पिशवी होती, टमाटे आणि पालक. अंग जरा सुटलेलं, कानशिलाजवळ एक-दोन केस पांढरे. त्यानं प्रयागकडे पाहिलं, आणि पिशवी ठेवायची जागा त्याला सापडेना. “या सरकटे बाई,” लिला सांगत होती, “आपल्या बाजूचा प्लॉट पाहाले आल्या.” “नमस्कार, बाई,” तो म्हणाला. “नमस्कार,” ती म्हणाली. आवाज आला, हेच नवल. “उभे काहून राह्यले? दाखवून द्या न त्यायले कुठून कुठवर हाय ते. ललिताबाईले काय समजते त्यातलं.” लिलानं असं म्हटल्यावर त्याला जावंच लागलं.

प्लॉट भिंतीला लागूनच होता. गवत वाढलेलं, कोपऱ्यात हद्दीचा दगड. तो दगडाशी जाऊन उभा राहिला, जणू खरंच हद्द दाखवायची होती. “मले ठाव नव्हतं तू येशीन म्हनून.” “मलेबी ठाव नव्हतं हे तुहं घर हाय. परत केला म्हनला होता न तू?” “करनारच होतो. बाप म्हनला, घेतला तर बांध.” तो गवताची काडी तोडत राहिला. ती वाट बघत होती. माफीची नव्हे, माफी मागितली असती तर तिला ती कुठे ठेवावी कळलं नसतं. त्यानं एकदा विचारावं, कशी आहेस. ग्यानबा गेले ते त्याच्या कानावर आलं होतं का. एवढंच. “प्रयाग,” तो म्हणाला, ते नाव इतक्या दिवसांनी पहिल्यांदा घेत, “हा प्लॉट तू नोको घेऊ. रोज दिसशीन. मले नाही जमनार. तू गोविंदसिंगले सांग, जागा पसंत नाही पडली. तूच नाही म्हन.”

वारा पडला होता. तिला क्षणभर वाटलं, शाळेच्या पायरीशीच उभे आहोत आपण. तोच आवाज, तेच खाली बघणं, फक्त हातात फडकं नाही. “तेव्हा तुह्या बापानं म्हनलं, आता तू म्हनतं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढाच होता. “दरवक्ती मीच काहून नाही म्हनू? तुले म्हनाचं असन तर तू म्हन. बायकोले सांग, गोविंदसिंगले सांग. मी घेऊन राह्यली.” स्वयंपाकघराच्या खिडकीतून लिलानं हाक मारली, “अवं बाई, च्या थंडा होऊन राह्यला तुमचा!”

रात्रभर विचार करत न बसता तिनं त्याच दिवशी ललिताबाईंना होकार दिला. नंतर पुष्कळदा तिनं स्वतःला विचारलं, आपण हे सूड म्हणून केलं का. तसं असतं तर सोपं झालं असतं. पण तिला ती जागा हवी होती. पाणी हवं होतं, ती खिडकी हवी होती, आणि जे वाक्य त्यानं दोन बायांना देऊन स्वतः पाळलं नव्हतं ते खरं निघावं असं वाटत होतं. आणखीही काही असेल. मनाच्या अगदी तळाशी, जिथे तिनं कधी उजेड नेला नाही, तिथे तो रोज दिसावा असंही असेल.

किन्हीराजाला जाऊन तिनं आईला सांगितलं. आवडाबाई चुलीसमोर बसल्या होत्या, जन्मभर गावाच्या कडेच्या वस्तीत राहिलेल्या. “आपल्यातले किती घरं हायेत तथी?” त्यांनी पहिलं हेच विचारलं. “असतीन दोन-तीन.” “आन बाकीचे?” “बाकीचे समदे. जो येईन तो.” आई बराच वेळ काटक्या आत सारत राहिली. मग म्हणाली, “पानी कुठून भरा लागते?” “हीर हाय. समद्यायची एकच.” “एकच?” आईनं विचारलं. “हाव माय, एकच.” “एकच,” आई पुन्हा स्वतःशी म्हणाली, आणि तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. धूर झाला होता म्हणाली.

घर चढायला लागलं तो सगळा उन्हाळा लिलाचा होता. प्रयाग शाळेत असायची. परत येऊन बघावं तर भिंती ओल्या. पहिल्या दिवशी तिला वाटलं गवंड्यानं पाणी मारलं असेल. पण बादली लिलाची होती. “तुमी शाळेत जाता, भितीयले पानी कोन मारीन? तडकतीन न त्या,” असं म्हणत, तेव्हा दिवस गेलेली ती बाई पोट सांभाळत विहिरीवरून बादल्या आणायची. प्रयागनं रागावून बादली हातातून घेतली, तर दुसऱ्या दिवशी लोट्यानं मारायला लागली. संध्याकाळी दोघी बांधावर बसायच्या. कंपाउंडरच्या घरी ट्रान्झिस्टर लागलेला असायचा, नव्यानं आलेल्या जोडप्यांची पोरं पाण्यात दगड फेकायची, कुणाच्या तरी खिडकीतून फोडणीचा वास यायचा. लिला खूप बोलायची. मेडशीच्या जत्रेबद्दल, सासूबद्दल, तिला शाळा अर्ध्यातून सोडावी लागली त्याबद्दल. नवऱ्याबद्दल म्हणायची, “चांगले हायेत. पन घरात असून घरात नसतात.” प्रयाग पाण्याकडे बघायची. या बाईचा तिला हेवा वाटायला हवा होता. काही दिवस तिनं तो प्रयत्न करून पाहिलाही. पण लिला हसत हसत मांडीवर हात मारायची तेव्हा ते जमायचं नाही. तिच्या लक्षात आलं की संध्याकाळी शाळा सुटल्यावर आपले पाय भराभर पडतात, आणि ते भगवंतसाठी नाही.

भगवंत मात्र दिसायचा कमी. सकाळी लवकर जायचा, दिवेलागणीला यायचा, अंगणात आला की सायकल घेऊन तिरका आत जायचा. आई राहायला आल्यावर एकदा समोरासमोर आला तर तिला “कसं काय मावशी” म्हणाला, आणि आई दिवसभर म्हणत होती, पोरगं चांगलं हाय. लिलाला मुलगी झाली. बारसं उकंडरावांच्या मळ्यात झालं. प्रयागला बोलावणं नव्हतं, असणार नव्हतंच. त्यानंतर काही दिवस लिला आली नाही. खिडकी बंद असायची. प्रयागनं एकदा दारापर्यंत जाऊन पाऊल मागे घेतलं. मग एका सकाळी लिला मागच्या दारानं आली, बाळ प्रयागच्या मांडीवर ठेवलं, आणि शेजारी भिंतीला टेकून बसली. बाळाचा वरचा ओठ हसताना एका बाजूला जास्त जायचा. प्रयागनं ते पाहिलं आणि लिलानं तिचं बघणं पाहिलं. आवडाबाई आतून म्हणाल्या, “नजर लागन, तीट लाव व पोरीले.” तेव्हापासून लिला पुन्हा रोज येऊ लागली. बोलणं मात्र तिचं थोडं कमी झालं, आणि कधी कधी प्रयागचा हात धरून ती उगाच बसायची.

थंडीच्या सुरुवातीला एक ट्रक तलावाच्या बांधावरून आत आला. भगवंतची बदली झाली, असं ललिताबाईंनी सांगितलं. कामरगावकडे कुठेतरी नवं काम निघालं होतं. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. सकाळचं धुकं पाण्यावर होतं. भगवंत खाटा, पेट्या, जातं चढवून घेत होता, आणि त्याची पाठ प्रयागच्या घराकडे होती. लिला पोरीला कडेवर घेऊन मागच्या दारानं आली. डोळे सुजलेले. ती उंबऱ्यातच थांबली.

“बदली झाली नाही बाई. यायनं मागून घेतली.”

प्रयाग उठून उंबऱ्याशी आली.

“मले माईत हाये,” लिला म्हणाली. “बारशाच्या दिसी सासूनं सांगतलं. टोमणा म्हनून सांगतलं, का पाह्य, कोनाच्या शेजारी ऱ्हायतं तू. चार दिवस मले काई सुदरलं नाही. मंग म्या इचार केला, या बाईनं माह्यं काय घेतलं? म्या त्यायले म्हनलं, मले काई नाही. तुमी जा कामावर, या घरी, आपन राहू इथंच. म्या राह्यली असती बाई. पन त्यायले नाही जमत.”

“मी इथं आलीच नसती,” प्रयाग कशीबशी म्हणाली, “मी हा प्लॉट घेतला नसता, तर तुले हे घर सोडा लागलं नसतं.”

“आन मंग मले इथं कोन होतं?” लिला म्हणाली.

बाहेरून त्यानं हाक मारली. नाव न घेता, नुसतं “चाल.” लिलानं पोरीचा इवलासा हात धरून प्रयागच्या गालाला लावला, आणि ती वळली. प्रयाग तिच्या मागे अंगणापर्यंत गेली. भगवंत ट्रकच्या मागच्या फळीची साखळी अडकवत होता. एकदा त्यानं मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत तीच ओळखीची विनवणी होती, कुणीतरी दुसऱ्यानं हे सगळं सोपं करून टाकावं अशी. इतकी वर्षं या माणसासाठी आपण रडलो, असं तिला वाटलं, आणि त्या जागी हात लावून पाहावा तसं तिनं मनात चाचपलं. तिथे काही दुखलं नाही. दुखत होतं ते दुसरीकडेच. ड्रायव्हरशेजारी पोरीला छातीशी धरून बसलेल्या त्या उंच बाईकडे बघताना, जिनं ‘राहू’ म्हटलं होतं. हा एक शब्द ऐकायला प्रयागनं केवढी वाट पाहिली होती. तो कुणीतरी म्हटला होता, भिंतीपलीकडे, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

ट्रक बांधावरून हळूहळू गेला. बाभळींमागे दिसेनासा झाला, तरी आवाज पाण्यावरून काही वेळ येत राहिला. शेजारच्या दाराला कुलूप होतं. कंपाउंडरची बायको अंगण झाडत होती.

“कोन गेलं व?” आईनं आतून विचारलं.

“शेजारीन गेली, माय.”

आवडाबाई बाहेर आल्या. लेकीच्या तोंडाकडे बघून त्या घाबरल्या, जवळ आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. “मंग इतकी काहून रडून राह्यली? आपलं काय नातं होतं का गोतं? शेजारीन काय, येईन दुसरी.”

“हाव,” प्रयाग म्हणाली, “येईन,” आणि उंबऱ्यावर येऊन बसली.